कोकणातल्या देशी मधमाश्या आणि डीएनए: नमुना कसा घ्यावा, काय तपासावे, कुठे फसते

कातळफूल

देवगड-मालवण पट्ट्यात दोन प्रश्नांवर काम करायचे आहे.

पहिला: चिऱ्याच्या भिंतींत, पोकळ खोडांत, विजेच्या मीटरच्या पेट्यांत पोयाच्या (डंख नसलेल्या बारीक) माश्यांची घरटी असतात. ती सगळी एकाच जातीची की वेगवेगळ्या?
दुसरा: आंबा-काजूचा मोहोर संपला की सातेरी (पेटीत पाळतात ती देशी मधमाशी) आणि पोया कशावर जगतात? खाडीकडच्या तिवराला, काजळ्याला (कांदळवनातल्या झाडांना) जातात का?

कॉलेजात पीसीआर यंत्र (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारे) आणि त्या प्रती पट्टीच्या रूपात बघायच्या जेलची सोय आहे. सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएतल्या बेसचा (अक्षरांचा) क्रम वाचणे, बाहेरून करून घेणार. डिसेंबरात सुरुवात करायची आहे, तेव्हा नमुने जमवण्यापासून सांगा.

तिरफळ

हे दोन स्वतंत्र प्रकल्प आहेत, एकाच अर्जात कोंबू नका. पहिल्याला एकेका माशीचा बारकोड लागतो, म्हणजे जात ओळखायला वापरतात तो मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ बेसचा तुकडा. तो साध्या सँगर पद्धतीने (एका वेळी एकच तुकडा वाचणारी) वाचता येतो आणि कॉलेजच्या आवाक्यातला आहे. दुसऱ्याला परागांचे मेटाबारकोडिंग लागते, म्हणजे मिश्रणातले सगळे बारकोड एकदम वाचणे. परागाच्या एका नमुन्यात अनेक झाडांचा डीएनए मिसळलेला असू शकतो, तो सँगरने वाचलात तर आलेखात एकावर एक चढलेली शिखरे दिसतील आणि हाती काही लागणार नाही.

आता नमुने. माशी थेट ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉलमध्ये टाका. एक भाग माशी, दहा भाग अल्कोहोल. माशीच्या अंगातले पाणी उतरून अल्कोहोल पातळ होते, म्हणून २४ तासांनी ते बदला. हे बदलणे सगळे विसरतात आणि तीन महिन्यांनी जेलवर नुसता धूर, म्हणजे तुटलेल्या डीएनएचा पसरट डाग, दिसतो. भुंग्यासारख्या जाड माशीत अल्कोहोल आतपर्यंत पोचत नाही, तिथे एक पाय काढून वेगळ्या कुपीत ठेवा.

फॉर्मलीन अजिबात नको. हार्डवेअरच्या दुकानातले डिनेचर्ड स्पिरिटही नको, त्यात काय मिसळले आहे ते बाटलीवर लिहिलेले नसते. मारण्यासाठी इथाइल अॅसिटेट वापरायची जुनी सवय आहे, त्यानेही डीएनए तुटतो. शीतपेटीत बर्फावर गारठवून मग अल्कोहोलमध्ये टाकणे सर्वांत बरे.

कुपीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि लेझर प्रिंटरची अक्षरे खपल्या होऊन सुटतात.

जांभा

तिरफळ यांच्याशी सहमत, पण प्रयोगशाळेत जायच्या आधी वर्गीकरणाची बाजू बघा.

आपल्याकडे दिसेल त्या पोयाला टेट्रागोनुला आयरिडिपेनिस म्हणायची पद्धत आहे. ते नाव स्मिथने १८५४ साली श्रीलंकेतल्या नमुन्यावरून दिले. भारतात या प्रजातीत (म्हणजे टेट्रागोनुला या जीनसमध्ये) एकमेकींशी खूप सारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत, आणि नुसत्या कामकरी माशीवरून त्या वेगळ्या करणे अवघड जाते. नराचे जननांग पाहिले तर पुष्कळ उलगडा होतो. म्हणून घरट्याभोवती नरांचा थवा घोंगावताना दिसला तर पाच-सहा नर जाळीत घ्याच. अशी संधी हंगामात फार वेळा येत नाही.

दुसरे, एका घरट्यातून दहा माश्या घेतल्या म्हणजे दहा नमुने झाले असे समजू नका. त्या सगळ्या एकाच राणीच्या मुली, त्यांचा मायटोकाँड्रिया एकच. मोजायचे एकक घरटे. दर घरट्यातून दहा-बारा माश्या घ्या, पण बारकोड दोघींचाच करा आणि पैसे वाचवून घरट्यांची संख्या वाढवा. चिऱ्याच्या भिंतीतली, झाडाच्या ढोलीतली, जमिनीलगतची, खाडीकाठची, सड्यावरची अशी विभागणी आधीच ठरवा. रस्त्यालगतच्या घरांतूनच पंचवीस घरटी घेतलीत तर उत्तर ‘एकच जात’ येईल, आणि ते उत्तर रस्त्याचे असेल.

ज्या माशीचा पाय काढला ती माशी टाचणीवर, क्रमांकासह, साक्षी नमुना म्हणून जपायची. पाय मधला घ्या, आणि नेहमी एकाच बाजूचा, म्हणजे दुसरी बाजू अभ्यासाला शाबूत राहते. मागच्या पायावर पराग आणि राळ चिकटलेली असते, म्हणून तो टाळायचा. घरट्यातल्या दोन-तीन माश्या अल्कोहोलमध्ये न टाकता कोरड्या टोचा, कारण ओल्या माशीचे केस चिकटून बसतात आणि रंग कळत नाही. कोकणातल्या दमट हवेत टाचणीवरच्या नमुन्याला पंधरवड्यात बुरशी धरते. पेटी घट्ट झाकणाची हवी, आत सिलिका जेल हवे, आणि ते रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरायचे.

कातळफूल

दोघांचेही आभार. डीएनए काढायला महागडे किट घ्यावेच लागेल का? आणि पीसीआरचे तापमान काय ठेवू?

तिरफळ

एका पायासाठी किट लागत नाही. चेलेक्सचे (धातूंचे आयन पकडणारे बारीक मणी) ५ टक्के मिश्रण १०० मायक्रोलिटर, त्यात पाय, वर २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ताकदीचे प्रोटिनेझ-के (प्रथिने तोडणारे विकर) ३ मायक्रोलिटर. पाय टाकण्याआधी टिपकागदावर ठेवून अल्कोहोल पूर्ण उडू द्या. ५६ अंशांवर रात्रभर, मग ९५ अंशांवर १५ मिनिटे. फिरवून वरचे पाणी घ्या. चेलेक्सचा एकही मणी पीसीआरमध्ये जाता कामा नये, तो मॅग्नेशियम पकडून ठेवतो आणि प्रक्रिया तिथेच थांबते. ‘काल चालले, आज चालत नाही’ या तक्रारीचे निम्मे मूळ इथे असते. चेलेक्सवरचा अर्क फार टिकत नाही, त्यामुळे जे नमुने पुढे वर्षानुवर्षे वापरायचे त्यांच्यासाठी सिलिका स्तंभाचे किटच घ्या.

पीसीआर २५ मायक्रोलिटरचा: तयार मिश्रण १२.५, दोन्ही प्रायमर (प्रत कुठून कुठपर्यंत काढायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) १० मायक्रोमोलरचे प्रत्येकी ०.५, अर्क २, बाकी पाणी. प्रायमर १९९४ चे फोल्मर यांचे, एलसीओ १४९० आणि एचसीओ २१९८. तापमान: ९४ अंशांवर १ मिनिट; मग ९४, ४५, ७२ अशी ५ आवर्तने; मग ९४, ५१, ७२ अशी ३५ आवर्तने; शेवटी ७२ वर ५ मिनिटे. प्रत्येक आवर्तनात पहिले दोन टप्पे ४० सेकंदांचे, ७२ चा टप्पा १ मिनिटाचा. दीड टक्क्याच्या अॅगारोज जेलवर सातशेच्या आसपास एकच ठळक पट्टी दिसली पाहिजे. पट्टी पुसट असेल तर आवर्तने वाढवू नका, अर्क दहापट पातळ करून बघा. बहुतेक वेळा अडथळा अर्कातच असतो.

वाचन दोन्ही बाजूंनी करून घ्या. मधमाश्यांच्या मायटोकाँड्रियात ए आणि टी फार असतात. टी-टी-टीची लांब रांग आली की सँगरचे वाचन घसरते आणि पुढचे सगळे अस्पष्ट होते. उलट बाजूचे वाचन तिथे उपयोगी पडते.

जांभा

सिक्वेन्स (वाचलेला क्रम) आल्यावर लगेच जेनबँकेत, म्हणजे सिक्वेन्सच्या सार्वजनिक संग्रहात, शोधून पहिले नाव उचलायचे नाही. आधी तीन गोष्टी बघा.

एक, सिक्वेन्सचा प्रथिनात अनुवाद करून बघा, आणि संगणकाला अपृष्ठवंशीयांचा मायटोकाँड्रियल संकेत द्या, म्हणजे तक्ता क्रमांक ५. नेहमीचा तक्ता दिलात तर टीजीए ही तीन अक्षरे जागोजागी ‘थांबा’ (प्रथिन संपल्याची खूण) म्हणून दिसतील आणि चांगला सिक्वेन्स टाकून द्याल. या संकेतात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आहे. बरोबर तक्ता देऊनही मधेच थांबा आला किंवा एक-दोन बेस कमी-जास्त निघाले, तर आधी वाचनातली चूक नाही ना ते बघा; नसेल तर ती बहुधा केंद्रकात जाऊन बसलेली जुनी नक्कल आहे, जिला नुम्ट म्हणतात. मधमाश्यांच्या जीनोममध्ये अशा नकला भरपूर आहेत. ती ‘नवी जात’ म्हणून छापून आणायची घाई नको.

दोन, वोल्बाकिया. हा जिवाणू अनेक कीटकांच्या पेशींत राहतो आणि फोल्मरचे प्रायमर कधीकधी त्याचाच तुकडा वाढवतात. पट्टी सुंदर येते, शोधल्यावर नाव मात्र जिवाणूचे. पोटाऐवजी पाय घेण्याचे हे आणखी एक कारण, पायात जिवाणू कमी असतात.

तीन, जेनबँकेतली नावे. आयरिडिपेनिस म्हणून टाकलेले सगळे सिक्वेन्स एकाच जातीचे आहेत असे धरू नका. ज्याने टाकले त्याने माशी कशी ओळखली, साक्षी नमुना कुठे आहे, हे बघा. बोल्ड या संग्रहात निदान छायाचित्र आणि ठिकाण बघायला मिळते. दोन-तीन टक्के फरक म्हणजे वेगळी जात, हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकर झाला असेल तर तो सीओआयमध्ये दिसणारच नाही. दोन गट पडले तर केंद्रकातला एखादा जनुक, म्हणजे इएफ-१ अल्फा किंवा २८एस, दोन्ही गटांतल्या चार-चार माश्यांत बघा. तिथेही तेच गट पडले आणि नरांतही फरक दिसला, तर वर्गीकरणतज्ज्ञाकडे न्या.

खाडीवारा

दुसऱ्या प्रश्नावर माझे मत इथल्या वाऱ्याविरुद्ध आहे. मेटाबारकोडिंगला लगेच हात घालू नका. पहिला हंगाम सूक्ष्मदर्शकावर काढा. नारळ, आंबा, काजू, तिवर, काजळा यांचे पराग एकदा ओळखीच्या झाडांवरून स्लाइड करून ठेवले की चारशेपट मोठे करून बहुतेक वेगळे करता येतात. खर्च फक्त वेळेचा. शिवाय मोजणी मिळते, ती डीएनएतून नीट मिळत नाही.

जिथे सूक्ष्मदर्शक हरतो तिथे डीएनए आणा. ऐन आणि किंजळ दोन्ही टर्मिनॅलिया. जांभूळ आणि त्याची रानटी भावंडे सगळी सायझिजियम. हे पराग डोळ्यांनी वेगळे करणे जवळपास अशक्य.

तिरफळ

पहिला हंगाम सूक्ष्मदर्शकावर, हे मान्य. पण नमुने दोन भागांत घ्यायला आजच सुरुवात करा. माशीच्या पायावरची अर्धी परागगोळी स्लाइडला, अर्धी उणे २० अंशांवर. नंतर डीएनए करायचे ठरले तर गेलेला हंगाम परत आणता येत नाही.

परागाच्या बाबतीत मुख्य अडचण त्याच्या कवचाची. ते ज्याचे बनते ते स्पोरोपोलेनिन इतके चिवट असते की नुसत्या रसायनाने डीएनए बाहेर येत नाही. दहा-वीस मिलिग्रॅम पराग, त्यात दोन-तीन मिलिमीटरचे स्टीलचे किंवा झिर्कोनियाचे मणी, आणि यंत्रात दोन-तीन मिनिटे हलवायचे. मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कण फुटलेले दिसले पाहिजेत. अख्खे दिसले तर परत हलवा. ही पायरी गाळली तर पातळ कवचाची झाडे भरपूर दिसतात आणि जाड कवचाची गायब होतात. मग लोक लिहितात की माशी त्या झाडाला जात नाही.

झाडांच्या डीएनएतले तुकडे दोन वापरा, आयटीएस-२ आणि आरबीसीएल. आयटीएस-२ जातीपर्यंत पोचवतो. आरबीसीएल सहज वाढतो, पण बहुधा प्रजाती (जीनस) किंवा कुलापाशी थांबतो. दोघांचे एकमत झाले तर विश्वास ठेवा.

आगळ

नमुना नेमका कुठून घ्यायचा ते अजून कोणी बोलले नाही, आणि प्रश्न तिथेच ठरतो.

परत येणाऱ्या माशीच्या पायावरची गोळी म्हणजे एक फेरी. माशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर राहते, त्यामुळे गोळी बहुतेक एकाच झाडाची निघते. पोळ्याच्या फळीत साठवलेला पराग म्हणजे काही दिवसांची सरमिसळ. मध म्हणजे कित्येक आठवड्यांची. ‘मोहोर संपल्यावर कशावर’ असा प्रश्न असेल तर पायाची गोळी किंवा ताजा पराग घ्या. मधात जानेवारीचा मोहोर एप्रिलमध्येही निघेल.

सातेरीच्या पेटीला मेलिफेराचा (आकाराने मोठी युरोपियन मधमाशी) परागसापळा, म्हणजे पायावरची गोळी झडवणारी भोकांची पट्टी, लावू नका. त्याची भोके सातेरीला सैल पडतात, माशी गोळीसकट आत जाते. बारीक भोकांची पट्टी करून घ्यावी लागते, आणि तीही दिवसाआड दोन तासच लावा. सातेरी चिडली तर पेटी सोडून निघून जाते. सकाळी लवकर पराग जास्त येतो. दुपारी उन्हात सापळ्यातल्या गोळ्या घामेजतात.

पोयाला सापळा लागतच नाही. तिच्या परागाच्या आणि मधाच्या कुड्या (साठवणीची छोटी भांडी) वेगवेगळ्या असतात. पराग-कुडीत स्वच्छ प्लॅस्टिकची नळी खुपसून वरपासून तळापर्यंत कांडी काढा. वरचा थर नवा, तळाचा जुना. घरटे उघडले तर त्याच दिवशी मेण-मातीने बंद करा, नाहीतर रात्रीत मुंग्या शिरतात. पोयाची माशी राळही गोळा करते, आणि पायावर ती परागासारखीच दिसते. चिमट्याने दाबून बघा. चिकट ताण आला तर राळ आहे, आणि राळ पीसीआर अडवते.

आग्या मोहोळाला हात लावू नका. फुलावरची माशी जाळीत घ्या. मोहोळाखाली पडलेल्या मेलेल्या माश्या चालतील, पण त्याच सकाळच्या. कोकणातल्या उन्हात आणि दमटपणात डीएनए पटापट तुटतो.

कातळफूल

मधाचे विचारणारच होतो. गावातल्या मधपाळांकडे सातेरीचा मध आहे, त्यातून काही निघेल का?

तिरफळ

निघते. १० ग्रॅम मध ३० मिलिलिटर पाण्यात, ६५ अंशांवर अर्धा तास, अधूनमधून हलवत. मग जोरात फिरवून तळाचा गाळ घ्यायचा, वरचे गोड पाणी फेकायचे, गाळ एकदा पाण्याने धुऊन परत फिरवायचा. त्यापुढे परागासारखेच. गडद मधात पीसीआर अडवणारी पॉलिफेनॉल जास्त, म्हणून अर्क दहापट पातळ करूनही एक पीसीआर लावा आणि मिश्रणात थोडा बीएसए (अडथळा आणणारी द्रव्ये पकडणारे प्रथिन) घाला. पातळ, फसफसलेला मध असेल तर यीस्ट भरपूर असतात, आणि आयटीएसचे काही प्रायमर बुरशीवर्गालाही वाढवतात. निम्मे वाचन यीस्टचे आले तर घाबरू नका, गाळून टाका.

टक्केवारीचा मोह मात्र टाळा. वाचलेल्या तुकड्यांपैकी नारळाचे ६० टक्के वाचन आले म्हणजे ६० टक्के पराग नारळाचा, असे होत नाही. आयटीएसच्या प्रती झाडागणिक कमी-जास्त असतात, कवचाचा फरक आहे, प्रायमरची आवड आहे. ‘तीस नमुन्यांपैकी किती नमुन्यांत सापडला’ असे मांडा. तेवढे ठामपणे म्हणता येते.

खाडीवारा

आणि संदर्भसंग्रह, म्हणजे जुळवणीसाठी ओळखीच्या झाडांचे सिक्वेन्स? तुमच्या गावातले झाड डेटाबेसमध्ये नसेल तर संगणक गप्प बसत नाही, त्याच्या जवळचे दुसरे कोणतेतरी नाव देतो. यादीत कोकणात कधीच न उगवलेले झाड आले की समजायचे.

आधी हिंडून फुलांची यादी करा. साठ-ऐंशी झाडे-वेली-तणे पुरतात. तणे विसरू नका, पोया त्यांच्यावर खूप असते. प्रत्येकाची वेगळ्या ठिकाणची तीन झाडे, हर्बेरियमची चादर (कागदावर चिकटवलेला वाळका नमुना), आणि सिलिका जेलमध्ये वाळवलेले पान. पानाच्या वजनाच्या दहापट जेल. कोवळे पान निवडा आणि अल्कोहोलने पुसा, पावसाळ्यात जुन्या पानांवर बुरशीचा थर असतो. कोकम आणि तिवर-कांदळ वर्गाच्या पानांत चीक, टॅनिन, शर्करा इतकी असते की किटचा स्तंभ तुंबतो. तिथे किटऐवजी सीटॅब या रसायनाने डीएनए काढायची पद्धत, २ टक्के पीव्हीपी आणि थोडे मरकॅप्टोइथेनॉल घालून.

खाडीकडचे एक आधीच सांगतो. कांदळाचा पराग मुख्यतः वाऱ्याने जातो आणि चिपीची पांढरी फुले रात्री उमलतात. ही दोन परागात निघाली तर लगेच ‘माशी कांदळवनावर जगते’ असे लिहू नका, कांदळाचा तर वाऱ्याने आलेला पराग असू शकतो. काजळा आणि तिवर यांच्यावर मात्र माश्या खरोखर जातात. त्या दोघांचा बहर, मोहोर संपल्याची तारीख आणि घरट्याचे खाडीपासून अंतर, हे तीन रकाने वहीत हवेतच. पोयाचा पल्ला जेमतेम काही शे मीटरचा, सातेरीचा त्याहून बराच मोठा. खाडीपासून दोन किलोमीटरवरच्या पोयाच्या घरट्यात तिवर सापडला तर आधी आपल्याच प्रयोगशाळेवर संशय घ्या.

कातळफूल

परवानग्या आणि पाठवणी यांचे काय करायचे? कुरिअरवाला अल्कोहोल घेत नाही.

जांभा

खासगी जमिनीवर मालकाची लेखी संमती. राखीव जंगल किंवा अभयारण्य असेल तर वनविभागाची परवानगी, आणि खाडीची कांदळवनेही बऱ्याच ठिकाणी वनविभागाच्या ताब्यात आहेत, ते आधी तपासा. गावाच्या जैवविविधता समितीला कळवणे चांगले. माशी किंवा तिचा डीएनए देशाबाहेर पाठवायचा तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. म्हणून सिक्वेन्सिंग भारतातच करून घ्या.

पाठवणीला माशी नकोच, पीसीआरचा माल पाठवा. तो पाण्यात असतो, हरकत कोणाची नसते. माश्याच पाठवायच्या तर शेवटच्या क्षणी अल्कोहोल ओतून टाकायचे, ओलसर कापसाच्या बोळ्यासह कुपी बंद करायची, पोचल्यावर तिकडे परत भरायला सांगायचे. दोन-तीन दिवस काही होत नाही.

आगळ

एक भर. सातेरीत थाई सॅकब्रूड हा अळ्यांचा विषाणूरोगही बघायचा विचार असेल तर वेगळी कुपी लागेल. तो विषाणू आरएनएचा आहे, अल्कोहोलमधल्या माशीवर भरवसा ठेवू नका. आजारी अळ्या आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात किंवा थेट खोल गोठवून. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत या रोगाने सातेरीच्या वसाहतींची मोठी हानी केली, त्यामुळे कोकणातल्या मधपाळांना हा प्रश्न तुमच्या दोन्ही प्रश्नांहून जवळचा वाटेल.

तिरफळ

शेवटचे, मेटाबारकोडिंगची प्लेट कशी लावायची. ९६ खणांची प्लेट, प्रत्येक नमुन्याच्या तीन पीसीआर, म्हणजे ३२ जागा. त्यात २६ खरे नमुने. उरलेल्या सहांत दोन कोरे अर्क, म्हणजे माल न घालता पूर्ण प्रक्रिया केलेले. एक रानातला कोरा, म्हणजे नमुना घेताना झाकण उघडून धरलेली रिकामी कुपी. एक पीसीआरचा कोरा. आणि दोन ओळखीच्या परागांची मिश्रणे, ज्यात काय घातले ते तुम्हाला ठाऊक आहे. कोकणात नारळाचा पराग हवेत बारा महिने असतो, तो रानातल्या कोऱ्यात येणारच. कोऱ्यात जेवढे वाचन आले त्याच्या खालचे खऱ्या नमुन्यातले नारळही सोडून द्यावे लागते.

वाढवलेल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना प्रत्येक नमुन्याची वेगळी खूणजोडी (नमुना ओळखायचे डीएनएचे छोटे तुकडे) लावा, नाहीतर यंत्रावर खुणांची अदलाबदल होऊन शेजारच्या नमुन्याची झाडे तुमच्यात दिसतात. पीसीआरआधीची आणि नंतरची खोली वेगळी, पिपेट वेगळे, आणि दिवसात नंतरच्या खोलीतून आधीच्या खोलीत परत यायचे नाही. टेबल दहा टक्के ब्लीचने, मग पाण्याने, मग अल्कोहोलने. फुलदाणी, हार, गजरा त्या खोलीत नको.